हेडस्मार्टचं कार्ड आपल्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) कितपत चालेल?

हेडस्मार्ट या ब्रिटिश मोहिमेचं, खिशात मावेल एवढं हे कार्ड मुलांच्या मेंदूतल्या गाठीची लक्षणं सांगतं. वयोगट तीन आहेत, ५ वर्षांखालची मुलं, ५ ते ११ आणि १२ ते १८. इंग्लंडमध्ये समँथा डिक्सन ही १६ वर्षांची मुलगी अशा गाठीनं गेली आणि १९९६ मध्ये तिच्या आईवडिलांनी ट्रस्ट काढला. त्या घरानं उभा केलेला पैसा नुसता प्रयोगशाळेत गेला नाही, निदानाला उशीर का होतो याच्या शोधातही लागला. २००६ च्या सुमारास ब्रिटनमध्ये पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत साधारण १४ आठवडे जात. २०११ मध्ये हेडस्मार्ट मोहीम निघाली, तेव्हा ते साधारण नऊ होते. दोनेक वर्षांत ते सातावर आले. आमच्या मते देणगीचा याहून चांगला उपयोग क्वचितच होतो.

ओकारीची ओळ सगळ्यात मोलाची. सकाळी उठल्या उठल्या ओकारी, जुलाब नाहीत, ओकलं की डोकं हलकं होतं आणि दुपारी लेकरू खेळायला पळतं. आपल्याकडे हे पित्त, जंत, नाहीतर उन्हाच्या नावावर जमा होतं. खरं तर डोक्याच्या मागच्या बाजूच्या लहान मेंदूतली गाठ मेंदूतल्या पाण्याची वाट अडवते आणि रात्रभर आडवं राहिल्यानं दाब चढतो. ओकारी दोन आठवड्यांवर किंवा डोकेदुखी चार आठवड्यांवर गेली, तर गाठीचा विचार व्हायलाच हवा. एक लक्षण असेल तर डॉक्टरला दाखवा, दोन असतील तर तातडीनं पुढे पाठवा, हा कार्डाचा नियम आशाताईंना एका बैठकीत समजतो.

पण कार्ड जसंच्या तसं मराठीत छापू नका. ‘समतोल बिघडणे’ असं लिहिलं तर कोणी वाचणार नाही. ‘चालताना तोल जातो, हातातली वाटी सांडते, मान एकीकडे वाकडी धरतो’ असं लिहा. झटक्यांमागे आपल्याकडे फीतकृमीच्या अळ्या किंवा टीबीची गाठही निघते, तरी स्कॅन लागतोच, म्हणून ती ओळ ठेवा.

पुढचा रस्ता कार्डात नाही, तो मागच्या बाजूला छापा: पीएचसी, मग सेवाग्रामचं रुग्णालय किंवा नागपूरचं मेडिकल कॉलेज. चिठ्ठीवर नुसतं ‘व्हॉमिटिंग’ लिहिलं तर लेकरू पोटाच्याच औषधावर अडकतं. किती दिवस, सकाळीच होते का, चाल कशी, डोळे तिरळे झाले का, एवढं तरी लिहा. डोळ्याच्या डॉक्टरांकडून बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. साधा सीटी नॉर्मल आला आणि त्रास राहिला, तर एमआरआय मागा, कारण कवटीच्या मागच्या, खालच्या भागातली छोटी गाठ सीटीत निसटू शकते.

५ वर्षांखालच्या यादीत डोकं वाढणं आहे. अंगणवाडीत घेर मोजताना टेप भुवयांच्या वरून आणि डोक्याच्या मागच्या सगळ्यात फुगीर भागावरून न्या, तारीख लिहा, पुढच्या महिन्यात पुन्हा मोजा. शिंप्याची जुनी कापडी टेप मात्र नको. ती ताणलेली असते, घेर कमी दाखवते आणि नवी-जुनी टेप अदलाबदल झाली की वाढणारं डोकं कागदावर जागच्या जागी राहतं.