रतीब, पिशवी की ए-टू बाटली? विदर्भातल्या खेड्यात गाईचं दूध घेताना

गाईचं दूध प्यावं की नाही यावर मोबाइलवर रोज दोन टोकांचे निरोप फिरतात. एकात ते अमृत, दुसऱ्यात विष. दोन्हीकडे गृहीत एकच, की गाईचं दूध सगळीकडे सारखंच. आर्वी, दर्यापूर, दिग्रस, वरोरा अशा कुठल्याही तालुक्याच्या गावात आज गाईच्या नावावर निदान तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात: गोठ्यावरचा रतीब, डेअरीची पिशवी आणि काचेच्या बाटलीतलं ‘देशी ए-टू’ दूध. पोषणाच्या हिशेबात तिन्हींत फार अंतर नाही. तब्येतीला फरक पडतो तो गाईनं काय खाल्लं, धार काढून किती तास झाले आणि घरात ते कोण पितं, यानं.

१०० मिली गाईच्या दुधात प्रथिनं सव्वातीन ग्रॅमच्या आसपास, कॅल्शियम १२० मिलिग्रॅमच्या आसपास आणि दुग्धशर्करा पावणेपाच ग्रॅमपर्यंत असते. बी-१२ चांगलं मिळतं. लोह जवळजवळ नसतंच, क जीवनसत्त्व नावापुरतं. कायद्यानं किमान ३.२ टक्के फॅट आणि ८.३ टक्के एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, लागतं. संकलन केंद्रावर दर लागतो तो ३.५ आणि ८.५ धरून. पिवळसर झाक बीटा-कॅरोटिनची असते. हिरवा चारा संपला की मे महिन्यात हेच दूध फिकट दिसतं, तेव्हा रंगावरून गवळ्यावर पाण्याचा आळ घेऊ नये.

रतीब

गोठा चांगला असेल तर पहिली पसंती यालाच. दूध ताजं, दर कमी आणि गाय डोळ्यांसमोर. पण गोठ्यावर गेल्यावर गाईआधी ढेपेचं पोतं बघावं. आपल्याकडे सरकीची ढेप हा दुभत्या जनावराचा मुख्य खुराक, आणि ओल लागलेल्या सरकीवर जी बुरशी वाढते तिच्यातून अफ्लाटॉक्सिन बी-१ नावाचं विष तयार होतं. गाईच्या यकृतात त्याचं एम-१ होतं आणि दिवसभरातच ते दुधात उतरतं. दूध उकळून ते जात नाही, विरजण लावूनही जात नाही. कायद्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम इतकी बारीक आहे.

अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. आरोग्याला घातक भेसळ निघाली फक्त १२ नमुन्यांत. एम-१ मर्यादेबाहेर निघालं ५.७ टक्के नमुन्यांत, आणि त्यात कच्च्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेलं दूध जास्त होतं. घरोघरी धास्ती असते ती युरिया आणि डिटर्जंटची. ढेपेच्या बुरशीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, हे बदलायला हवं.

ढेप फोडून पाहावी. हिरवट किंवा काळी बुरशी, चिकट गुठळ्या, कुबट वास यांपैकी काहीही आढळलं तर ती गाईला घालू नये. उन्हात वाळवली तर बुरशी मरेल, विष तसंच राहील. पोती फरशीवर न टाकता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून रचावीत, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांपेक्षा जास्त साठा करू नये. भुईमुगाची पेंड, मका आणि भिजलेलं कुटार यांनाही हाच नियम लागू. वाईट ढेप बंद केली की तीन-चार दिवसांत दुधातलं एम-१ उतरतं, त्यामुळे गवळ्याला सांगून पाहण्यात नक्कीच अर्थ आहे.

दुसरी चौकशी औषधाची. गाईची कास सुजली की सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडतात. ट्यूबच्या वेष्टनावर लिहिलेले दिवस, बहुधा तीन ते चार, त्या गाईचं कुठल्याच सडाचं दूध रतिबात येता कामा नये. असं दूध ओळखू येण्याची घरगुती खूण एकच: चांगलं विरजण लावूनही दही नीट लागत नाही, कारण औषध विरजणातल्या जिवाणूंनाही मारतं.

धारोष्ण दूध पिण्याची जुनी हौस अजून आहे. ती सोडावी, इतकंच ठामपणे सांगता येतं. ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून माणसाला लागणारा जिवाणूंचा आजार. तो झालेली गाय वरून धडधाकट दिसते, गाभ मात्र शेवटच्या तिमाहीत टाकते. तिचं कच्चं दूध प्यायलेल्या माणसाला आठवडेच्या आठवडे येणारा-जाणारा ताप, रात्रीचा घाम, सांधे आणि कंबर धरणं सुरू होतं आणि मलेरिया किंवा टायफॉइड समजून भलतेच उपचार होतात. जनावरांचा क्षयही कच्च्या दुधातून येतो. गोठ्यातल्या कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस टोचली का, हे विचारावं. ती एकदाच टोचायची असते आणि फक्त मादी वासरांना.

घरी आलेलं दूध गाळून जाड बुडाच्या गंजात तापवावं. उतू येताच बंद करू नये. आच मंद करून दोन-तीन मिनिटं ढवळत ठेवावं, म्हणजे सायीखालचं दूधही पुरतं तापतं. मग गंज पाण्याच्या परातीत ठेवून लवकर गार करावा. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात कच्चं दूध धार काढल्यापासून तीन-चार तासांतच नासू लागतं, म्हणून सकाळचा रतीब आठच्या आत घरात हवा. तापवताना रोज दूध फाटत असेल तर दोष बहुतेक वेळा कॅनचा. प्लास्टिकच्या कॅनला चिरा पडतात, झाकणाच्या रबराखाली कालचं दूध आंबतं आणि आजचं ताजं दूध त्यात बिघडतं. स्टीलची किटली घ्यायला लावा. गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्यानं घासून ती उन्हात उपडी वाळवली की हा त्रास थांबतो.

दुधाची घनता मोजणारा लॅक्टोमीटर घरात असावा, पण त्यावर आंधळा विश्वास नको. दूध २७ अंशांच्या आसपास असताना गाईच्या दुधाचं वाचन साधारण २६ ते ३० च्या दरम्यान येतं. पाणी घातलं की ते उतरतं. पण साय काढली की चढतं, साखर किंवा मीठ घातलं तरी चढतं. पाणी आणि साखर दोन्ही घालणाऱ्याला हे यंत्र पकडू शकत नाही. युरियाच्या तपासणीला लागणारं पीठ मात्र आपल्या घरात असतंच, लाल लिटमस कागद तेवढा आणावा लागतो: एक चमचा दुधात अर्धा चमचा सोयाबीनचं किंवा तुरीचं पीठ घालून हलवा, पाच मिनिटांनी लाल लिटमस कागद अर्धा मिनिट बुडवा. कागद निळा झाला तर युरिया आहे.

ए-टू बाटली

दर रतिबाच्या दीडपट ते दुप्पट. त्या पैशात काय मिळतं ते नीट समजून घ्यायला हवं. दुधातलं बीटा-केसिन हे प्रथिन दोन मुख्य प्रकारांत येतं. त्याच्या साखळीत ६७ व्या जागी ए-वनमध्ये हिस्टिडिन असतं, ए-टूमध्ये प्रोलिन. ए-वन पचताना बीसीएम-७ नावाचा तुकडा सुटतो आणि त्यावर मधुमेहापासून हृदयविकारापर्यंतचे आरोप आहेत. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेनं २००९ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले; या रोगांशी कार्यकारण संबंध त्यांत आढळला नाही. काही लोकांना ए-टू दुधानं पोट हलकं वाटतं, हे खोटं ठरवण्याचं कारण नाही. पण त्यावरून बाटलीवर साखर आणि सांधेदुखी बरी करण्याचे दावे छापणं चूक आहे. आपल्याकडे २१ ऑगस्ट २०२४ ला प्राधिकरणानं वेष्टनावरून ए-वन, ए-टू हे दावे काढायला सांगितलं आणि पाचच दिवसांत तो आदेश मागे घेतला. त्यामुळे बाटलीवरचे शब्द आजही विकणाऱ्याच्या भरवशावर आहेत.

हा भरवसा हिशेबानं तपासता येतो. वर्धा जिल्ह्यातली आपली गवळाऊ मूळची ओढकामाची जात. एका वेतात ती सरासरी ६०० लिटरच्या आसपास दूध देते, म्हणजे दिवसाला दोन-अडीच लिटर, आणि तिच्या वासराचा वाटा वेगळा. कुणी रोज ५० लिटर ‘शुद्ध गवळाऊ’ विकत असेल तर त्याच्या गोठ्यात वीसच्या वर दुभत्या गवळाऊ हव्यात, शिवाय भाकड आणि गाभण वेगळ्या. जाऊन मोजा. साहिवाल किंवा गीर असेल तर आकडा बदलेल, पण मोजणी हीच. गवळाऊ पाळणाऱ्याला जास्तीचा दर द्यावाच, जात टिकायला तो हवा आहे. तो जातीसाठी द्यावा, औषध समजून देऊ नये. आणि ज्यांना केवळ ए-टू प्रथिनच हवं आहे त्यांच्यासाठी गावातल्या म्हशीचं दूध पूर्णपणे ए-टू असतं, फक्त फॅट जवळजवळ दुप्पट.

बाटलीतली एक उणीव कुणी सांगत नाही. पारदर्शक काचेतून ऊन लागलं की दुधातलं रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२, नष्ट होतं आणि चवीला जळकट वास येतो. ओट्यावर सकाळी ठेवून जाणारी बाटली नको. गडद पिशवीत किंवा हातात द्यायला सांगा.

पिशवी

यावर ‘गाईचं दूध’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते गाईचं धरू नये. टोन्ड म्हणजे ३ टक्के फॅट आणि ८.५ एसएनएफ, त्यात गाय, म्हैस आणि भुकटी यांचं मिश्रण चालतं. डबल टोन्ड १.५ टक्के. निळा ‘+एफ’ शिक्का असेल तर अ आणि ड जीवनसत्त्व घातलेलं आहे, ही रतिबात नसलेली जमेची बाजू. दूध ७२ अंशांवर १५ सेकंद पाश्चराइज केलेलं असतं, शहरात ते न तापवता चालतं. खेड्यात नाही. नागपूरहून किंवा अमरावतीहून निघालेला क्रेट स्टँडवर उन्हात पडतो, दुकानात लाइन गेली की फ्रिज गार राहत नाही. फुगलेली पिशवी घेऊ नका आणि न फुगलेलीही एकदा तापवाच. पुरात रस्ता बंद होणाऱ्या गावांनी पावसाळ्यात यूएचटीचे, म्हणजे अतिउच्च तापमानाला तापवून सीलबंद केलेल्या दुधाचे, चार खोके घरात ठेवावेत; न उघडता ते काही महिने टिकतात, उघडल्यावर मात्र साध्या दुधासारखेच.

कुणी किती प्यावं

दूध प्यावं की नाही, हा वाद वर्धा जिल्ह्याला नवा नाही. गांधीजींनी १९१२ मध्ये दूध सोडलं होतं, पुढे आजारपणात शेळीच्या दुधावर आले आणि सेवाग्राममध्येही तेच घेत राहिले. त्याच वर्ध्यात १९४१ मध्ये जमनालाल बजाज यांनी गोसेवा संघ उभा केला. शेळीच्या दुधाबद्दल एक समज दुरुस्त करायला हवा: त्यातही दुग्धशर्करा गाईइतकीच असते, आणि ज्या बाळाला गाईच्या प्रथिनाची ॲलर्जी आहे त्याला शेळीचंही बहुधा बाधतं.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला वरचं दूध म्हणून गाईचं देऊ नये, पाणी घालून तर मुळीच नाही. पहिले सहा महिने फक्त आईचं. गाईच्या दुधात लोह नाही, मिठाचा भार लहान मूत्रपिंडाला जड आणि काही बाळांच्या आतड्यातून थोडं थोडं रक्त झिरपतं. वर्षानंतरही दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर नको. दुधानं पोट भरलं की वरण-भात, भाजी मागे पडते आणि गुबगुबीत दिसणारं मूल रक्तानं फिकट निघतं.

मोठ्या माणसाला राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस दूध-दही मिळून ३०० मिलीची आहे. त्यातून कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात मिळतं. रोजची गरज १,००० ची. उरलेलं तीळ, नाचणी, पालेभाज्या यांतूनच यायचं. दूध प्यायल्यावर अर्ध्या ते दोन तासांत पोट फुगत असेल, गुडगुडत असेल, तर दोन आठवडे बंद करून पाहावं आणि मग जेवणासोबत अर्धा कप घेऊन पाहावं. मठ्ठा आणि दही अशांनाही बहुधा सोसतं. हृदयविकार असलेल्यांनी थंड दुधावरची साय काढून उरलेलं खुशाल घ्यावं.

गरोदरपणातली लोहाची लाल गोळी किंवा शाळेत मिळणारी निळी गोळी दुधाबरोबर किंवा दुधाच्या चहाबरोबर देऊ नका. कॅल्शियम आणि चहातलं टॅनिन दोन्ही लोह अडवतात. मध्ये दोन तासांचं अंतर ठेवा आणि गोळी लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत द्या.