थोरली, धाकटी आणि मधली तार: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या घरात मोटरहोमला (राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीला) थोरली म्हणतात आणि तिच्यामागे चारही चाकं रस्त्यावर ठेवून ओढली जाणारी छोटी गाडी म्हणजे धाकटी. गेल्या नऊ महिन्यांत दोघींवर मिळून बरंच काही बसवलं: दोन लिथियम बॅटऱ्या, शंटवाला बॅटरी मॉनिटर, ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, धाकटीसाठी ब्रेक दाबणारं यंत्र, तिची बॅटरी भरणारी तार, आणि दहा टायरांचे प्रेशर सेन्सर. सगळं नवंकोरं होतं तेव्हाच लिहायला हात शिवशिवत होते. थांबले ते बरं झालं. तेव्हा लिहिलं असतं तर चार्जरला शिव्या घातल्या असत्या, आणि त्या बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता.

आधी बॅटरी, कारण सगळे तेच विचारतात. पूर्वी सहा व्होल्टच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या सीरिजमध्ये होत्या, २२५ अँपिअर-तासांच्या. एकेकीचं वजन २८ किलोच्या आसपास. शिवाय त्या टिकवायच्या तर निम्म्याखाली उतरवायच्या नाहीत, म्हणजे हाताशी खरे ११० अँपिअर-तास. आता १०० च्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट पॅरललमध्ये आहेत. एकेक जेमतेम १२ किलोची, आणि २०० पैकी १६० मी बिनधास्त वापरते. पॉझिटिव्ह एकीवरून आणि निगेटिव्ह दुसरीवरून घेतलंय, म्हणजे दोघींवर सारखा भार येतो. दोन्ही तारा एकाच बॅटरीवरून घेतल्या की तीच राबते आणि दुसरी बसून खाते.

यात माझी पहिली फजिती झाली ती व्होल्टमीटरची. लेड-ॲसिडला १२.७ म्हणजे भरलेली, १२.१ च्या खाली गेलं की आवरतं घ्यायचं, हे इतकं अंगवळणी पडलेलं की लिथियमचे १३.१ बघून मी आठवडाभर खूश होते. लिथियमचं व्होल्टेज ७० टक्क्यांना आणि ४० टक्क्यांना जवळपास एकाच जागी असतं, फरक एखाद-दोन दशांशाचा. मग शेवटी एकदम कोसळतं. एका रात्री बीएमएसने (बॅटरीच्या आतल्या राखणदार सर्किटने) सगळी वीज तोडली आणि अंधारात बसून मॅन्युअल वाचलं. दुसऱ्याच दिवशी शंट बसवला. किती अँपिअर आत गेले, किती बाहेर आले, याचा हिशेब तो ठेवतो. घेतलेल्या वस्तूंमध्ये रोज बघितली जाणारी ही एकच. पण त्यालाही अधूनमधून खरे १०० टक्के दाखवावे लागतात, नाहीतर हिशेब सरकत जातो. आमचा जुना कन्व्हर्टर, म्हणजे बाहेरच्या विजेवर बॅटरी भरणारा डबा, १३.६ व्होल्टवर थांबायचा. बॅटरी भरायची, पण रडतखडत, आणि सेल बॅलन्स व्हायला (आतले सगळे सेल सारखे भरायला) लागतं तेवढं व्होल्टेज कधी मिळायचंच नाही. १४.४ देणारा कन्व्हर्टर लावल्यावर दोन्ही कुरबुरी संपल्या. म्हणजे लिथियम घेताना कन्व्हर्टरचाही खर्च धरूनच चाला.

थंडीचंही सांगून टाकते. एका सकाळी लख्ख ऊन, आणि सोलरचा आकडा शून्य. नवरा शिडी लावून छतावर चढला, पॅनल पुसले, जोडण्या हलवून बघितल्या. पॅनल ठणठणीत होते. बॅटरीचं तापमान शून्य अंशाखाली गेलं होतं आणि बीएमएसने चार्जिंग अडवलं होतं, जे त्याने करायलाच हवं, कारण गोठलेल्या लिथियम सेलमध्ये चार्ज ढकलला की ॲनोडवर धातू साचतो आणि सेल कायमचा बिघडतो. वीज काढायला मात्र हरकत नसते. तेव्हापासून बॅटऱ्या बाहेरच्या खणातून उचलून आत पलंगाखाली आणल्यात.

आता तो बिचारा डीसी-डीसी चार्जर. अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राला, लिथियम थेट जोडली की ती मिळेल तेवढा करंट ओढते, आणि इंजिन आयडलिंगला असताना, वारा कमी असताना, अल्टरनेटर भाजून निघतो. म्हणून मधे हा लगाम. बसवला, इंजिन सुरू केलं, तर वीस सेकंद चालायचा, बंद पडायचा, परत सुरू व्हायचा. ज्याने बसवला त्याने मशीनच खराब म्हणून सांगितलं आणि बदलूनही दिलं. दुसऱ्या मशीननेही तेच केलं. तेव्हा मी स्वतः मल्टिमीटर घेऊन बसले. अल्टरनेटरवर १४.१ व्होल्ट. चार्जरच्या तोंडाशी, चार्जर बंद असताना, तेही १४.१. सगळं छान. चार्जर चालू होताच तोंडाशी १२.६. दीड व्होल्ट वाटेतच खाल्ला जात होता! तार होती सहा चौरस मिलिमीटरची, जायला सात मीटर, यायला सात. ३० अँपिअर बाहेर द्यायचे तर तो आत पस्तीस-सदतीस ओढतो, आणि एवढ्या करंटला एवढ्या तारेत दीड व्होल्ट जाणारच. आत व्होल्टेज पडलं की चार्जरला वाटायचं इंजिन बंद झालं. तो थांबायचा, भार गेला की व्होल्टेज परत चढायचं, तो परत सुरू. २५ चौरस मिलिमीटरची तार ओढली, दोन्ही टोकांना फ्यूज घातले (दोन्ही टोकांना बॅटरी आहे, एकाच टोकाला फ्यूज म्हणजे अर्धीच राखण), आणि तोंडाशी १३.८ मिळायला लागले. त्या दिवसापासून तक्रार नाही. परत दिलेलं पहिलं मशीनही धडधाकटच असणार.

धाकटीकडे वळू. ओढण्यासाठी गाडी निवडताना दुकानदाराचं नाही, गाडीच्या मॅन्युअलचं ऐकायचं. पुष्कळ ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून चाकं फिरवत नेलं तर आतले भाग कोरडे घासतात आणि गिअरबॉक्सची वाट लागते. आमचीला चारही चाकांवर ओढायला कंपनीची परवानगी आहे, पण स्टिअरिंग लॉक होऊ नये म्हणून किल्ली ॲक्सेसरीवर ठेवावी लागते. त्यात ब्रेकचं यंत्रही तिच्याच बॅटरीवर. पाच तास ओढली की मुक्कामाला बॅटरी मेलेली, आणि थोरलीतून जंपर केबल काढायची. यावर उपाय सोपा: थोरलीच्या मागच्या सॉकेटमधून धाकटीच्या बॅटरीपर्यंत फ्यूज घालून एक तार. ती टाकली, आणि महिनाभराने बॅटरी पुन्हा मेली.

त्याच दिवसांत आणखी एक विचित्र खोड लागली होती. उजवा इंडिकेटर दिला की धाकटीचा डावा दिवाही मंद मंद मिचकायचा. ब्रेक दाबला की सगळेच पिवळट. नवरा म्हणाला, "अगं, लागतायत ना दिवे? मग झालं तर." पण दिवा भलत्याच वेळी मंद पेटतो तेव्हा करंटला परतीची नीट वाट मिळत नसते आणि तो शेजारच्या बल्बमधून घुसून घरी जात असतो. म्हणजे अर्थिंग. मी ओहमवर मोजलं: ०.३ ओहम. म्हटलं, तार तर चांगली आहे. पुढचे दोन तास मी बाकी सगळं तपासलं, सॉकेटच्या हिरवट पडलेल्या पिना घासल्या, बल्ब बदलले.

चूक मोजण्यात होती. ओहममीटर तारेतून नखभर करंट सोडतो, तेवढ्याला तारेचा एक केस जरी शाबूत असला तरी पुरतो. मग दिवे चालू ठेवून व्होल्टवर मोजलं. एक पिन थोरलीच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर (त्यासाठी लांब वायर जोडून घेतली), दुसरी धाकटीच्या दिव्याच्या अर्थवर. जिथे अर्धा व्होल्टही दिसायला नको तिथे २.४. मग एकेक जोड मागे सरकत गेले. सॉकेटमागच्या लगच्या (तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीच्या) अलीकडे २.२, पलीकडे ०.१. काळी नळी कापली तर आत लगच्या तोंडाशी तांब्याचे तीन-चार केस तेवढे जोडलेले, बाकीचे तुटून काळे पडलेले. वळणावर केबल ताणली जात होती आणि रोज एखादा केस तुटत होता. नवा लग नीट क्रिम्प केला, केबलला सैल वळसा दिला. दिवे शुभ्र झाले, आणि धाकटीची बॅटरी मरायचीही थांबली. चार्जिंगचा करंट त्याच अर्थने परतत होता ना!

ब्रेकचं यंत्र चांगलं आहे, पण त्याच्या जोडणीत आळस चालत नाही. इंजिन बंद केल्यावर पेडल चार-पाच वेळा दाबून सर्वोमधला (ब्रेकच्या दाबाला जोर देणाऱ्या भागातला) व्हॅक्यूम संपवायचा, मगच यंत्र ठेवायचं. नाहीतर पहिला दाब फार जोरात बसतो. मी एकदा सीट जरा जास्तच पुढे घेतली आणि पेडल किंचित दाबलेलंच राहिलं. पहिल्या थांब्यावर पुढच्या चाकांजवळ हात धरवेना आणि जळका वास. आता निघाल्यावर दहा किलोमीटरच्या आत एकदा थांबायचंच आणि चारही चाकांजवळ हात नेऊन बघायचं. यंत्र जड आहे, सीटच्या फटीतून काढताना दरवेळी बोटं सोलतात. पण ब्रेकशिवाय एवढं वजन मागे लावून उतार उतरायचा नाही.

टायर सेन्सर सुरुवातीला मला हौस वाटली होती. धाकटीचं मागचं टायर उतारावर हळूहळू बसलं तेव्हा चालवणाऱ्याला कणभरही जाणवलं नाही, पडद्यावरच कळलं. थोरली लांब असेल तर सिग्नल पुढे पोचवणारा रिपीटर घ्याच, तो नसताना मागचे चार आकडे अर्धा वेळ गायब असायचे. आणि सेन्सर लावताना टायरचं वयही वाचून घ्या: कडेवर डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे २३१९ असतील तर ते २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातलं आहे. थोरलीची टायरं झिजण्याआधी म्हातारी होतात.

रिव्हर्सबद्दल एकच ओळ: टो बार (दोन्ही गाड्या जोडणारा दांडा) लावून मागे घ्यायचं नाही, दोन मीटरसुद्धा. पुढची चाकं भलतीकडे वळून लॉकला टेकतात आणि बार वाकतो. चिंचोळ्या जागी अडकलो की सोडवायची. तेव्हाही गाड्या तिरक्या उभ्या असतील तर बारवर ताण असतो आणि पिन निघत नाही. धाकटीचं स्टिअरिंग जरासं इकडेतिकडे हलवलं की सुटते. हातोडी नको.

सध्या उरलेली तक्रार म्हणजे रात्री कुणी नळ न उघडता पाण्याचा पंप दोन सेकंद घुरघुरतो. बाहेर कुठे थेंब नाही, म्हणजे पंपाच्या आतला चेक व्हॉल्व्ह पाणी मागे सोडत असावा. त्याचं किट आणून ठेवलंय. आणि पुढच्या डाव्या टायरचा आकडा निघाल्यावर पहिली पाच मिनिटं येतच नाही. सेन्सरची बॅटरी बदलून झाली, सेन्सरांची अदलाबदल करून झाली, तरी तेच. त्या चाकाला मी हातातल्या गेजने मोजते आणि निघते.