फॉरमॅट झालेले कार्ड आणि ‘फोटोरेक’

मागच्या सप्टेंबरात सकाळी कासच्या पठारावर आणि दुपारी साताऱ्यात भाचीच्या साखरपुड्यात अशी दिवसभराची छायाचित्रे मी एकाच ३२ जीबीच्या मेमरी कार्डावर घेतली, आणि रात्री बॅगेतले दुसरे, रिकामे करायचे कार्ड समजून नेमके तेच कॅमेऱ्यात फॉरमॅट केले. दोन्ही कार्डे एकाच कंपनीची आणि एकाच रंगाची होती. चूक सर्वस्वी माझीच. पोवई नाक्याजवळच्या एका दुकानात कार्ड चार दिवस ठेवून जाण्यास सांगितले, परंतु घरच्या कार्यातली चित्रे परक्याच्या संगणकावर सोडून येणे मनाला पटेना. म्हणून पुसलेली चित्रे परत मिळवून देणारे, क्रिस्तॉफ ग्रेनिए यांचे ‘फोटोरेक’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरून पाहिले. ते ‘टेस्टडिस्क’ या जोडीच्या सॉफ्टवेअरसोबत एकाच झिप फाइलमध्ये येते आणि विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर चालते.

कॅमेऱ्यातल्या साध्या फॉरमॅटने बहुतेक वेळा कार्डावरची फक्त नोंदवही, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची यादी, कोरी होते. सात-बारा कोरा झाला तरी शेत जागच्या जागी असते, तसा चित्रांचा मजकूर नवे काही लिहिले जाईपर्यंत तिथेच राहतो. फोटोरेक नोंदवहीकडे पाहतच नाही. ते कार्ड पहिल्यापासून तुकड्यातुकड्याने वाचत जाते आणि फाइलींच्या आरंभखुणा शोधते. प्रत्येक जेपेग, म्हणजे छायाचित्रांच्या नेहमीच्या प्रकारातली, फाइल ‘एफएफ डी८’ या दोन बाइटांनी सुरू होते, ही त्यांपैकीच एक खूण. नवे लिहिले की जुना मजकूर जातो, म्हणून चूक लक्षात येताच त्या कार्डावर आणखी एकही चित्र न घेता ते बाहेर काढणे, हे सॉफ्टवेअर निवडण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. फोटोरेक स्वतः कार्डावर काही लिहीत नाही. मात्र सापडलेल्या फाइली त्याच कार्डावर साठवण्याचा वेडेपणा आपण करू नये, संगणकाची डिस्क निवडावी.

काळ्या पडद्यावर बाणांच्या कळांनी चालणारे हे काम पाहून पहिल्यांदा माणूस बिचकतो. ‘क्यूफोटोरेक’ या नावाने त्याची माऊसने चालणारी आवृत्तीही सोबत मिळते, ती नवख्यांना बरी. फॉरमॅट झालेल्या कार्डासाठी फक्त मोकळी जागा न तपासता संपूर्ण भाग तपासण्याचा पर्याय घ्यावा. फाइलींचे प्रकार निवडताना मी पहिल्या खेपेस फक्त जेपेगवर खूण केली, आणि अर्ध्या तासाने एकही रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता जशीच्या तशी साठवलेली फाइल, आली नाही म्हणून हबकलो. कॅननच्या सीआर२ या रॉ फाइली या सॉफ्टवेअरमध्ये ‘टिफ’ या प्रकारात मोडतात, हे तेव्हा उमगले. दुसऱ्या खेपेस त्या आल्या.

अंगठी घालतानाच्या अकरा चित्रांपैकी नऊ अखंड परत आली. एकात भाचीचा चेहरा स्वच्छ आणि हातापासून खालचा भाग सगळा करडा, तर एक आलेच नाही. कारण माझेच होते. दुपारी जेवायला बसण्याआधी कासची धूसर चित्रे मी कॅमेऱ्यातच एकेक करून पुसली होती. त्या विखुरलेल्या मोकळ्या जागांत पुढची चित्रे तुकडे होऊन बसली, आणि तुकडे झालेली फाइल जोडणे हेच या सॉफ्टवेअरचे दुबळे अंग आहे. मोठे व्हिडिओ याच कारणाने अनेकदा अर्धवट येतात. उलट, दोन वर्षांपूर्वी सज्जनगडावर घेतलेली, मी पार विसरून गेलेली काही चित्रेही वर आली.

नावे मात्र गेली ती गेलीच. ‘आयएमजी’ने सुरू होणाऱ्या क्रमांकांऐवजी ‘एफ’ अक्षर आणि लांबलचक आकडा, तेही अनेक फोल्डरांत पसरलेले. मध्येमध्ये ‘टी’ने सुरू होणारी बोटाएवढी लघुचित्रे. चित्र घेतल्याची तारीख व वेळ फाइलीच्या आतच नोंदलेली असल्याने त्यावरून क्रम लावता आला, पण त्यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. एवढे कष्ट सोसण्याची तयारी असेल तर पैसे घेणाऱ्या सॉफ्टवेअरकडे आधी वळण्याचे कारण मला दिसत नाही. कॅमेऱ्यात ‘लो लेव्हल फॉरमॅट’वर, म्हणजे नोंदवहीसोबत मजकूरही पुसणाऱ्या पर्यायावर, खूण केलेली असेल, किंवा कार्ड संगणकाला दिसतच नसेल, तर मात्र फोटोरेकवर वेळ घालवू नये.