कर्ल: बिघाड नेमका कुठे आहे ते सांगणारं साधन

साकीनाक्याला ऑफिस, काम सपोर्टचं. भिवंडीच्या गोदामातून फोन येतो, "मॅडम, बिल निघत नाहीये." अ‍ॅपवर एवढंच लिहिलेलं असतं: काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा. काय चुकलं? नेट, सर्व्हर की राउटर? बिल अडलं की गाडी अडते आणि बोलणी तिथल्या ऑपरेटरला खावी लागतात. असा संदेश लिहून मोकळं होणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

अशा वेळी मी ऑपरेटरला कर्ल (curl) चालवायला सांगते. कमांड टाइप करून सर्व्हरला थेट विनंती पाठवायचा हा प्रोग्राम. डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ मध्ये आणलेलं हे साधन फुकट आहे आणि ते एररसोबत आकडा देतं. फोनवर इंग्रजी वाक्य वाचून घेण्यापेक्षा आकडा विचारणं किती सोपं! ६ म्हणजे सर्व्हरच्या नावावरून पत्ताच मिळाला नाही; नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा, म्हणजे डीएनएस, बघायचं. ७ म्हणजे पत्ता मिळाला, पण कनेक्शन झालं नाही. २८ म्हणजे वेळ संपली. ६० आला तर सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट पटलेलं नाही; त्याला मुदत असते. तेव्हा मी आधी पीसीची तारीख विचारते; जुन्या मशीनमधला घड्याळाचा सेल गेलेला असतो आणि तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते.

७ आणि २८ मधला फरक तर लाखमोलाचा. काही मिलिसेकंदांत ७ आला, तर बहुतेक वेळा समोरचं मशीन जिवंत असतं, त्या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारावर, सर्व्हिस तेवढी बंद पडलेली असते. पाच सेकंदांची मर्यादा घातल्यावर २८ आला, तर बहुतेक वेळा उत्तरच येत नाहीये. मग नेटवर्कची ये-जा अडवणारी फायरवॉल सांभाळणाऱ्यांना मी फोन लावते.

तक्रारीही आहेत. नव्या आवृत्त्या ७ सोबत नुसतं "सर्व्हरशी जोडता आलं नाही" म्हणतात. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' (समोरच्याने जोडणी नाकारली) हे खरं कारण बघायला कमांडमध्ये छोटा 'व्ही' (-v) हा पर्याय लावावा लागतो. हे मला अजिबात पटलेलं नाही. छोटा 'एस' (-s) लावला की प्रगतीच्या आकड्यांबरोबर एररही गप्प होते, म्हणून स्क्रिप्टमध्ये मोठा 'एस'ही (-S) जोडा. आणि सर्व्हरने ५०० हा स्वतःच्या बिघाडाचा कोड दिला तरी कर्ल स्वतः शून्य, म्हणजे यशस्वी, परत करतं. छोटा 'एफ' (-f) लावला, तर २२ हा एररचा आकडा मिळतो.

विंडोज १० मध्ये २०१८ पासून ते आयतंच येतं. फक्त पॉवरशेल या विंडोजच्या कमांड खिडकीत 'कर्ल डॉट ईएक्सई' (curl.exe) असं पूर्ण लिहा, नाहीतर तिथे भलतीच कमांड चालते.