शिंका आणि वाटीभर साखर : लांडग्याची साक्ष कितपत टिकते?

खलनायकाच्या तोंडून सांगितलेल्या परीकथांची आता रांग लागली आहे. सावत्र आईला बोलायचंय, राक्षसाला बोलायचंय, चेटकिणीलाही आपली कैफियत मांडायची आहे. यातली बरीचशी पुस्तकं एका वाचनात संपतात, कारण युक्ती कळली की हातात काही उरत नाही. जॉन शेस्का यांनी लिहिलेलं आणि लेन स्मिथ यांनी चितारलेलं ‘द ट्रू स्टोरी ऑफ द थ्री लिटल पिग्ज’ हे १९८९ सालचं पुस्तक तसं संपत नाही. तीन डुकरांपैकी दोघांची घरं फुंकरीने पाडणाऱ्या जुन्या इंग्रजी गोष्टीतल्या लांडग्याने स्वतः दिलेली ही साक्ष. ३२ पानांचं चित्रपुस्तक, मोठ्याने वाचायला दहाएक मिनिटं. पण दुसऱ्या वाचनाला मुलं लांडग्याची उलटतपासणी घ्यायला लागतात, आणि पुस्तक तिथून रंगतं.

साक्ष देणारा अलेक्झांडर टी. वुल्फ. डोळ्यांवर गोल चष्मा, गळ्यात बो, बोलणं अगदी सभ्य. त्याचं म्हणणं असं : आजीच्या वाढदिवसाचा केक करत होतो, अंगात सर्दी होती, साखर संपली म्हणून शेजारी मागायला गेलो. शेजारी म्हणजे गवताच्या घरातलं डुक्कर. दार वाजवलं तर दारच आत पडलं. परत फिरणार इतक्यात नाक हुळहुळलं, शिंक आली, घर बसलं, आणि ढिगाऱ्यात डुक्कर मरून पडलेलं. चांगलं मांस वाया कशाला घालवायचं, म्हणून खाल्लं. काटक्यांच्या घरी पुन्हा तेच. विटांच्या घरातलं डुक्कर आजीबद्दल वेडंवाकडं बोललं, याचं डोकं फिरलं, दारावर आदळआपट सुरू असताना नेमके पोलीस आले. बाकीचं वार्ताहरांनी तिखटमीठ लावून छापलं.

शेस्का यांनी इथे एक शिस्त पाळली आहे आणि सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. बाहेरून पाहणाऱ्याला दिसल्या असत्या अशा मूळ कथेतल्या ठळक घटना त्यांनी जागच्या हलवलेल्या नाहीत. दोन घरं पडतात, दोन डुकरं पोटात जातात, तिसरं घर टिकतं, लांडगा शिक्षा भोगतो. शिक्षेचा प्रकार तेवढा बदलतो : जुन्या कथेत उकळतं भांडं, इथे तुरुंग. बदललंय ते कारण. फुंकर नव्हती, शिंक होती. आणि हे कारण मुद्दाम तोकडं ठेवलंय. शिंक अपघात मानली, तरी खाणं हा अपघात नव्हे. लांडगा ते लपवत नाही, उलट फार समंजसपणे पटवून द्यायला जातो आणि तिथेच अडकतो. शेजाऱ्याचा जीव गेल्यावर आधी साखर आठवावी, की निदान हाक मारून कोणाला तरी बोलवावं? सर्दीचा माणूस दुसऱ्या दारात नाकावर रुमाल का धरत नाही? हे प्रश्न पुस्तक विचारत नाही. ते ऐकणाऱ्यासाठी सोडलेत.

चित्रं तर थेट फिर्यादीच्या बाजूने आहेत. शब्द लांडग्याचे, पण कुंचला त्याच्या हातात नाही. केकच्या मिश्रणाच्या भांड्यातून सशाचे कान वर आलेले दिसतात. मजकुरात त्यांचा उल्लेखही नाही. त्याआधीच लांडगा स्वतःच्या आहाराचं समर्थन करताना चीजबर्गरचं उदाहरण देतो, तर शेजारच्या चित्रातल्या बर्गरमधून कान आणि शेपट्या डोकावतात. वाचून दाखवणाऱ्याची सगळ्यात मोठी चूक इथेच होते : मोठी माणसं बोट ठेवून ‘बघ, कान!’ म्हणून मोकळी होतात. पान उघडं ठेवून गप्प बसावं, मनात दहा अंक मोजावेत. पहिल्या वाचनात नाही सापडले तरी बिघडत नाही, दुसऱ्यात सापडतात. स्वतः शोधलेल्या कानांनंतर मूल लांडग्याच्या प्रत्येक वाक्याकडे संशयाने बघतं.

मात्र चित्रांत बचावाच्या कामाचाही एक धागा आहे. पोलीस डुकरं, पहारेकरी डुक्कर, लांडग्याला बदनाम करणारं वर्तमानपत्रही डुकरांचंच. मुखपृष्ठावरचं वर्तमानपत्र मात्र लांडग्यांचं. म्हणजे ‘मला न्याय मिळाला नाही’ ही त्याची तक्रार अगदीच हवेतली नाही. दोषी माणसावरही अन्याय होऊ शकतो, एवढी अवघड गोष्ट कुठेही न बोलता चित्रात ठेवलीय. साक्षीदार पुरता खोटारडा असता तर हे पुस्तक पाच मिनिटांचा विनोद ठरलं असतं.

आता पुस्तक कुठे फसतं. पहिलं कारण पुस्तकाबाहेरचं आहे : मूळ गोष्ट कोणती ऐकलीय? हल्लीच्या बऱ्याच सौम्य आवृत्त्यांत पहिली दोन डुकरं धूम पळून विटांच्या घरात शिरतात, कोणी मरत नाही. ती ऐकलेल्या मुलाला लांडग्याचा कबुलीजबाब समजतच नाही. जे घडलंच नाही त्याची सफाई हा का देतोय? जोसेफ जेकब्स यांच्या १८९० च्या संग्रहात लांडगा पहिल्या दोघांना खातो, आणि तिसरं डुक्कर त्याला शलगम, सफरचंदं आणि जत्रा अशा तीन भेटींत चकवून शेवटी शिजवून खातं. आधी ही गोष्ट सांगावी, निदान एक दिवस मध्ये जाऊ द्यावा, मग हे पुस्तक काढावं. दोन्ही एका बैठकीत घेतली की तुलना होत नाही, घोळ होतो.

दुसरं कारण आवाज. गुरगुरता, घोगरा लांडगा काढला की खेळ खलास, कारण ऐकणारा पहिल्याच वाक्याला निकाल देऊन बसतो. आवाज सपाट, थोडा थकलेला, नाक चोंदलेलं. ‘खाल्लं’ हे वाक्य सगळ्यात हळू आणि सगळ्यात साधं. शिंक मात्र दणदणीत हवी, आणि तिच्याआधी नाक ओढण्याची लांबण लावायला हवी. इंग्रजी गोष्टीत फुंकर मारण्याचे ठरलेले शब्द (‘हफ’, ‘पफ’) आणि नाक ओढण्याचा शब्द (‘स्नफ’) यमकात बसतात, सगळी कोटी त्यावर आहे, आणि ती मराठीत उतरत नाही.

समोर बघून तोंडाने मराठी करणाऱ्यांसाठी हीच अडचण आणखी दोन ठिकाणी येते. दुसरं डुक्कर आतून सांगतं की मी हनुवटीची दाढी करतोय. मूळ गोष्टीत डुकरं हनुवटीच्या केसांची शपथ घेतात, हे माहीत नसेल तर वाक्य वाया जातं. म्हणून मूळ गोष्ट सांगतानाच ‘माझ्या हनुवटीच्या केसाची शप्पथ, दार उघडणार नाही’ हे पालुपद तीनदा पेरून ठेवावं. दुसरं, शेवटची तक्रार. ‘मला फसवलं’ म्हणू नये. त्यात कोणीतरी चकवल्याचा अर्थ येतो. ‘मला गोवलं’ हा नेमका शब्द. कपभर साखरेला ‘वाटीभर साखर’ म्हटलं की वाक्य आपोआप शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभं राहतं.

वय? पाचच्या आतल्या मुलांना शिंका आवडतात, बाकी डोक्यावरून जातं, शिवाय लांडगा म्हणतो ते सगळं खरं वाटतं. सात ते दहा ही नेमकी वेळ. त्याहून मोठ्यांना हेच पुस्तक बातमी आणि जबाब यातला फरक शिकवायला उत्तम. तिथे एक सावधगिरी हवी. पुस्तक वार्ताहरांवर ठपका ठेवून संपतं, आणि चर्चा न करता मिटलं तर ‘वर्तमानपत्रं खोटंच छापतात’ एवढंच मुलांच्या लक्षात राहतं. वार्ताहरांनी नेमकं काय बदललं आणि काय नाही, हे दोन रांगांत लिहून घ्यावं. दोन डुकरं खाल्ली, हे त्यांनी रचलेलं नव्हतं.

उणिवाही आहेत. स्मिथ यांचे रंग मातकट, काळोखे आणि तपशील बारीक. वर्गातल्या तिसऱ्या रांगेला सशाचे कान दिसणं कठीण. पाचसहा जणांच्या घोळक्यातच हे वाचावं. डुकरं इथे फार उद्धट रंगवलीत, विशेषतः तिसरं. साक्षीदार आपल्या सोयीचं सांगतोय हे मान्य, तरी चित्रांनी त्याला इथे थोडं कमी साथ द्यायला हवी होती.

याच जातीची इतर पुस्तकं शेजारी ठेवली की फरक कळतो. युजीन ट्रिव्हिझास आणि हेलन ऑक्सेनबरी यांचं १९९३ सालचं ‘द थ्री लिटल वुल्व्ह्ज अँड द बिग बॅड पिग’ झकास आहे, पण तिथे भूमिकांची अदलाबदल आहे, बाजू मांडणं नाही. हे मागायला जाऊन ते हाती घेतलं तर फसगत होते. मॅरिलिन सिंगर यांच्या २०१० च्या ‘मिरर मिरर’मध्ये एकच कविता वरून खाली आणि खालून वर वाचायची, विरामचिन्हं तेवढी बदलतात. लाल टोपीवालीचेच शब्द उलटे केले की लांडग्याचे होतात. कारागिरी अफाट, मात्र ती इंग्रजीत वाचता येणाऱ्यांसाठीच. आणि सिंड्रेला डोकं खायची, असं सावत्र आईकडून वदवून घेणारी पुस्तकं? बळी कटकट्या होता, हा बचाव नव्हे. तिथे घटनाच बदलून टाकतात, म्हणून तपासायला काही उरत नाही.

पुस्तक मिटल्यावर मुलांकडून अशी साक्ष लिहून घ्यायची असेल तर कथेची निवड निम्मं काम करते. जॅकच्या वेलाचा राक्षस सगळ्यात सोपा : सोनं, कोंबडी आणि वीणा, तीन चोऱ्या आणि शेवटी खून. नायकच चोर ठरतो, ही अडचण जुन्यांनाही जाणवली होती. १८०७ मध्ये बेंजामिन टॅबर्ट यांनी छापलेल्या आवृत्तीत एक परी येऊन सांगते की राक्षसाने जॅकच्या बापाला मारून हे धन लुटलेलं आहे. जेकब्स यांनी हा खुलासा काढून टाकला आणि राक्षसाची बाजू पुन्हा भक्कम झाली. ग्रिमबंधूंच्या झोपी गेलेल्या राजकन्येच्या गोष्टीतली निमंत्रण न मिळालेली तेरावी बाईही चांगली, कारण राजाकडे सोन्याची ताटं बाराच होती. गवताचं सोनं करून देणाऱ्या रंपलस्टिल्टस्किनकडे तर चक्क करार आहे. स्नोव्हाइटची राणी मात्र देऊ नये. फीत, कंगवा, सफरचंद असे तीन प्रयत्न केल्यावर अपघात म्हणायला तोंड राहत नाही. मुलं मग तिला थेट निर्दोष करतात आणि लेखन कोसळतं.

लिहिताना आधी घटनांची यादी, आठ ते दहा, आणि तिला हात लावायचा नाही. मग एकच नवं कारण. दोन कारणं दिली की साक्षीदार लगेच खोटा वाटतो. मग एक जागा अशी, जिथे तो बोलता बोलता नको ते बोलून जाईल. ४०० शब्दांत हे बसतं.

मराठीतच शोधायचं तर शेणाच्या घरातला कावळा आहे. पाऊस, वाहून गेलेलं घर, मेणाच्या घराचं बंद दार, आणि आतून ‘थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते’, ‘थांब, बाळाला तीट लावते’. बाहेर भिजत उभ्या असलेल्याकडून ही गोष्ट कोणी फारशी ऐकलेली नाही, आणि दार वाजवणं तर त्याच्या साक्षीत आधीपासूनच आहे.