डाल्ग्लिशची ७ नंबर जर्सी, बडोद्यात बनवून घेतली

बाबांच्या साठीला द्यायला दांडिया बाजारातल्या एका छोट्या प्रिंटवाल्याकडून लिव्हरपूल फुटबॉल क्लबचा खेळाडू केनी डाल्ग्लिश याची १९७८ ची रेट्रो जर्सी करून घेतली, ६५० रुपये, पाच दिवसांत हातात. कापड मस्त जाड, लाल रंग एकदम गडद. दुकानवाले काका मागे नाव आणि पुढे स्पॉन्सर टाकणार होते, मी म्हटलं काका तेव्हा नावं नसायची, इंग्लंडमध्ये ती १९९३ पासून आली आणि हिताची हा स्पॉन्सर पण १९७९ चा, तर त्यांनी नीट ऐकून फक्त ७ टाकला, याचे पूर्ण मार्क.

केनी डाल्ग्लिश १९७७ ला स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबमधून ४,४०,००० पौंडांत आला, क्लब सोडून गेलेल्या कीगनचा ७ नंबर घेतला आणि पुढच्याच वर्षी वेम्ब्लीवर बेल्जियमच्या ब्रूज क्लबविरुद्ध युरोपियन कप फायनलचा एकमेव गोल मारला, बाबा त्यावरच फिदा. मला मात्र तो मॅनेजर म्हणून जास्त भावतो. १९८५ ला खेळता खेळताच टीम हातात घेतली, पहिल्याच सीझनला लीग आणि एफए कप (इंग्लंडची नॉकआउट स्पर्धा) दोन्ही, आणि लीग पक्की करणारा चेल्सीविरुद्धचा गोल पण त्याचाच!! १९८९ ला हिल्सबरो स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे चाहते गेले, त्यानंतर तो कितीतरी अंत्यविधींना जातीने गेला, ते वाचून आजही गलबलतं. नंतर १९९५ ला ब्लॅकबर्न क्लबलाही चॅम्पियन केलं.

तक्रार एकच, दोन धुण्यांत ७ ची कड सुटली. काकांनी परत प्रेस करून दिलं, पैसे नाही घेतले. आता उलटी करून हातानेच धुतो. चार स्टार. बाबा रविवारी तीच घालून सुरसागरला फिरायला जातात.