हिरव्या पिनेवरची धूळ आणि माझे ३,४०० रुपये

दिवाळीआधी घराचं रंगकाम काढलं तेव्हा पेंटरने नेटचा बॉक्स भिंतीवरून उतरवला. फायबरची हिरवी पिन चार दिवस टोपणाशिवाय खिळ्याला लोंबकळत होती आणि खोलीत पुट्टी घासणं चालू होतं. पाचव्या दिवशी जोडली तर लाल लाईट.

केबलवाल्याने पाठवलेल्या माणसाने पिन काढली, शर्टाच्या टोकाला पुसली, परत खोचली. म्हणाला, "ताई, बॉक्स गेलाय. खांबापासूनची वायरपण खराब आहे." मुलीची ऑनलाइन परीक्षा दोन दिवसांवर आलेली, मी हो म्हटलं. मी बाजारातून येईपर्यंत सगळं 'बदलून' झालं होतं. बॉक्स आणि ४० मीटर वायरचे ३,४०० रुपये त्याने स्वतःच्या नंबरवर घेतले. पावती नाही. जुना बॉक्स ऑफिसात जमा करायचा म्हणून घेऊन गेला.

नऊ दिवसांनी पुन्हा लाल. शेजारच्या काकूंचा भाचा फायबरचंच काम करतो, त्याला बोलावलं. त्याने आधी पिनेला पॉवर मीटर, म्हणजे वायरीतून येणारा उजेड मोजायचं यंत्र, लावलं : उणे २९ डीबीएम. आकडा शून्यापासून जितका लांब, तितका उजेड कमी. मग पेनासारखा क्लिनर टोकावर दाबला, टक्क आवाज झाला. पुन्हा मीटर : उणे १९. बॉक्सचं भोकही तसंच साफ करून पिन लावली आणि लाल लाईट गेला. पाच मिनिटांचं काम! त्याने सांगितलं, उजेड जातो ती काचेची वाट फक्त ९ मायक्रॉनची, केसाहून कितीतरी बारीक. पुट्टीचा कण तिथे बसला की उजेड अडतो. तशीच खोचली तर कण काचेवर दाबला जाऊन चरे पडतात, मग पिनच नवी लावावी लागते.

मी गॅलरीत जाऊन 'नवी' वायर बघितली. तिच्यावर आमच्याच पिवळ्या डिस्टेंपरचे शिंतोडे होते.

रंगकाम काढणार असाल तर पिन काढताक्षणी टोपण लावा. बोट लावू नका, फुंकर मारू नका, आत डोकावू नका. तो उजेड दिसत नाही पण डोळ्याला घातक असतो. बॉक्स बदला म्हणणाऱ्याला आधी पिन साफ करून मीटरचा आकडा दाखवायला सांगा. जुना बॉक्स नेणार असेल तर त्यावरचा नंबर लिहून सही घ्या.

मी लेखी तक्रार दिली आहे. त्या माणसाचा फोन बंद लागतो, आणि ऑफिसवाले म्हणतात, तुमचा बॉक्स आमच्याकडे जमाच झालेला नाही.